वाचकांचे प्रश्न : शहरातली जुनी मालगाडीची लाइन

उत्तर अमेरिकेतल्या अनेक शहरांत गिरण्या, गोदामं, भंगाराच्या वखारी यांच्यापर्यंत जाणाऱ्या छोट्या मालवाहू शाखा अजून धुगधुगी धरून आहेत. आठवड्यातून एखाद-दोन फेऱ्या, मोजक्या वाघिणी आणि पुढे सत्तरी गाठलेलं एखादं डिझेल इंजिन, असा त्यांचा संसार. त्याबद्दल आलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या भागातल्या लाइनीवर गवत गुडघ्याएवढं वाढलंय, रूळ तपकिरी पडलेत. शेजारी म्हणतात, लाइन बंद झाली. पण मागच्या आठवड्यात हॉर्न ऐकू आला. गाडी येते का, आणि कधी येते, हे कसं ओळखायचं?

गवतावर जाऊ नका. मरगळलेल्या लाइनीवर गवत काढायला पैसे नसतात, पण गाडी धावते. बघायचा तो रुळाचा माथा. चाक टेकतं तिथे बोटभर रुंदीची चकचकीत पट्टी असेल, तर गाडी एक-दोन दिवसांत गेलेली आहे. पट्टी नारिंगी, हळदीची भुकटी उडवल्यासारखी असेल, तर गाडीनंतर एखादा पाऊस किंवा दवाच्या दोन-चार रात्री गेल्या. माथा आणि बाजू दोन्ही एकाच गडद तपकिरी रंगाच्या, खरखरीत दिसल्या, तर महिने लोटले.

इथे हमखास फसगत होते. रस्ता ओलांडतो त्या ठिकाणचा रूळ मोटारींचे टायरही घासून चकचकीत ठेवतात. म्हणून फाटकातल्या रुळावरून काही ठरवू नका. पदपथावर उभे राहून डांबर संपल्यावर पुढे चार-पाच मीटरवरचा रूळ बघा. फाटकात बघायचं ते वेगळंच, रुळाच्या आतल्या बाजूची खाच. चाकाची कड या खाचेतून जाते आणि ती साफ ठेवते. खाचेत वाळू, पानं, काचा ठासून बसल्या असतील आणि वरून सपाट झाल्या असतील, तर बऱ्याच दिवसांत चाक गेलेलं नाही. मधोमध ताजी चिरलेली फट आणि कडेला चेपलेला चिखल दिसला, की गाडी नुकतीच गेली.

रुळांमधल्या उंच गवताची टोकं एकाच उंचीवर मोडलेली आणि ग्रीसने काळी झालेली असतात का, तेही बघा. इंजिनाच्या मोटरी आणि दातेरी चाकांची पेटी तिथून घासत जाते.

आता ‘कधी’. कारखान्याच्या साइडिंगवर, म्हणजे मुख्य लाइनीतून कारखान्याकडे फुटणाऱ्या रुळावर, उभ्या वाघिणींचे क्रमांक वहीत लिहा, तारखेसह. पुढच्या वेळी क्रमांक बदललेले दिसले म्हणजे मधल्या काळात गाडी येऊन गेली. वाघिणीच्या चाकांच्या गाड्यातल्या स्प्रिंगाही बोलतात. वेटोळ्यांमध्ये चांगली फट म्हणजे वाघीण रिकामी. वेटोळी जवळजवळ मिटलेली म्हणजे भरलेली. धान्य किंवा प्लॅस्टिकचे दाणे उतरवून घेणाऱ्या कारखान्यात सगळ्या वाघिणी रिकाम्या दिसू लागल्या, की न्यायला गाडी यायची वेळ झाली. दोन-तीन आठवड्यांत वार ठरून जातात. तास मात्र ठरत नाही, कारण हेच कर्मचारी आधी यार्डातलं काम उरकून मग इकडे येतात.

अमेरिकेत सार्वजनिक फाटकावर एक छोटी निळी पाटी असते. तिच्यावर आणीबाणीचा फोन आणि फाटकाचा क्रमांक, सहा आकडे आणि एक अक्षर. हा क्रमांक केंद्रीय रेल्वे प्रशासनाच्या फाटकांच्या नोंदवहीत शोधला, की रोजच्या गाड्यांची संख्या आणि वेग मिळतो. त्या नोंदीची तारीख आधी बघा. काही नोंदी कितीतरी वर्षं कुणी हात न लावलेल्या असतात. रेडिओ स्कॅनर असेल तर १६० ते १६१.६ मेगाहर्ट्‌झचा पट्टा लावा. काही राज्यांत मोटारीत स्कॅनर बाळगण्यावर बंधनं आहेत, ती तपासून घ्या.

हॉर्नच्या भरवशावर घरातून निघालात तर गाडी चुकेल. नियमाप्रमाणे तो फाटकाच्या फक्त १५ ते २० सेकंद आधी वाजतो, आणि शांतता क्षेत्र जाहीर झालेलं असेल तर एरवी वाजतच नाही.

प्रश्न : एकाच लाइनीवर दोन जुनी इंजिनं येतात. एक घुमल्यासारखं एकसुरी वाजतं. दुसरं उभं असताना अडखळत धडधडतं आणि निघताना काळ्या धुराचा लोट सोडतं. दुसरं बिघडलेलं आहे का?

नाही. पहिलं ईएमडी, दुसरं बहुधा अल्को. ही रेल्वे इंजिनं बनवणाऱ्या अमेरिकी कंपन्यांची नावं.

ईएमडीची ५६७ आणि ६४५ ही इंजिनं टू-स्ट्रोक. दर फेऱ्याला प्रत्येक सिलिंडरचा एक स्फोट. १२ सिलिंडरचं इंजिन मिनिटाला २७५ फेऱ्यांनी नुसतं सुरू असलं, तरी सेकंदाला ५५ स्फोट होतात. इतके स्फोट कानाला सुटे ऐकू येत नाहीत, घुमणं होऊन येतात. अल्कोचं एस-२ हे १,००० अश्वशक्तीचं शंटिंग इंजिन घ्या. त्यात ५३९ जातीचे सहा सिलिंडर एका रांगेत, फोर-स्ट्रोक. म्हणजे दर फेऱ्याला तीनच स्फोट. तेवढ्याच फेऱ्यांना सेकंदाला जेमतेम १४. हे ठोके जवळजवळ मोजता येतात, म्हणून ते धडधडल्यासारखं वाटतं. भारतात वाढलेल्या वाचकांच्या कानात अल्को आधीपासून आहे. भारतीय रेल्वेचं डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन अल्कोच्याच आराखड्याचं, १६ सिलिंडरच्या २५१ इंजिनाचं, २,६०० अश्वशक्तीचं.

धुराचं कारण हवेत आहे. टर्बोचार्जर (थोडक्यात टर्बो) नसलेल्या ईएमडीत हवा ढकलणारा ब्लोअर दातेरी चाकांनी थेट इंजिनाला जोडलेला असतो. फेरे वाढले की हवाही त्याच क्षणी वाढते. अल्कोत हवा ढकलणारा टर्बो जळलेल्या वायूच्या जोरावर फिरतो. चालकाने थ्रॉटल एक-दोन खाच पुढे केला की डिझेल लगेच वाढतं, पण टर्बोचं जड चक्र वेग घ्यायला काही सेकंद घेतं. तेवढा वेळ डिझेल जास्त, हवा कमी, म्हणून काळा लोट. टर्बोने गती धरली की धूर पातळ होतो. पूर्ण भार घेतल्यावर मिनिटभरानेही धूर काळाच राहिला, तर मात्र इंजेक्टर किंवा टर्बो यांत खोट आहे.

बाकीचे रंग : तासन्‌तास नुसतं सुरू ठेवलेलं ईएमडी भार घेताना निळसर धूर आणि कधी ठिणग्याही टाकतं. मंद चालताना न जळलेलं वंगणतेल धुराच्या नळीत साठतं, ते आता जळतं. पाच-दहा मिनिटांत थांबायला हवं. न थांबल्यास पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. थंडीत सुरू करताना डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर म्हणजे न पेटलेलं डिझेल. इंजिन तापल्यावरही पांढरं निघत राहिलं आणि ते हवेत चटकन विरलं, तर सिलिंडरमध्ये पाणी झिरपतंय.

अल्कोने अमेरिकेतलं इंजिनांचं उत्पादन १९६९मध्ये थांबवलं. सुटे भाग बऱ्याचदा जुन्या इंजिनांतून काढून वापरावे लागतात. तुमच्या लाइनीवर अल्को असेल तर आधी तेच बघून घ्या, ईएमडी थांबेल.

प्रश्न : जीपी७ आणि जीपी९ मध्ये फरक काय? सगळे ‘जीप’ म्हणतात आणि दोन्ही सारखीच दिसतात.

दिसतातच. दोन्ही ईएमडीचीच. जीपी७ १९४९ ते १९५४, १,५०० अश्वशक्ती. जीपी९ १९५४पासून, १,७५० अश्वशक्ती. दोन्हींत १६ सिलिंडरचं ५६७. चालकाच्या केबिनखालच्या पत्र्यावरच्या झरोक्यांच्या जाळ्या मोजा. जीपी७वर तिथे तीन संच असतात, जीपी९वर एकच. लांब बॉनेटच्या टोकालाही जीपी७वर जाळ्यांच्या दोन जोड्या, जीपी९वर एक. अगदी सुरुवातीच्या काही जीपी९वर मात्र जुन्याच जाळ्या आहेत, तेव्हा एकाच खुणेवर पैज लावू नका.

आणि एवढं करून जे ठरेल ते फक्त सांगाड्याचं वय. पुढचं उंच नाक कापून बसकं केलेलं असतं. ५६७च्या ब्लॉकमध्ये ६४५चे सिलिंडर आणि पिस्टन बसतात, म्हणून अनेकांच्या पोटात तेच आहेत. ५६७ आणि ६४५ हे आकडे एका सिलिंडरचं घन इंचातलं आकारमान. म्हणजे साधारण ९.३ आणि १०.६ लिटर. एका सिलिंडरचं! छतावर दोनाऐवजी चार धुराडी दिसली तर दुरुस्तीत धुराची नळी बदलली आहे, आवाजही मोकळा आणि कडक येतो.

प्रश्न : गाडी जाताना एका कारखान्यापुढून न थांबता जाते आणि परतताना तिथेच अर्धा तास थांबते. असं का? कुठे उभं राहावं हे कसं ठरवायचं?

फार उपयोगाचा प्रश्न. उत्तर साइडिंगच्या सांध्यात, म्हणजे मुख्य लाइनीतून रूळ फुटतो त्या जागेत आहे.

गाडी उत्तरेला चालली आहे, इंजिन पुढे, वाघिणी मागे, असं समजा. काही साइडिंगं अशी फुटतात की गाडी आधी सांधा ओलांडून पुढे जाते, मग सांधेवाला सांधा फिरवतो आणि इंजिन मागे रेटत वाघिणी आत घालतं. सोपं काम. हे कारखाने जातानाच उरकतात. काही साइडिंगं मात्र पुढच्या दिशेला फुटतात. तिथे इंजिनच आधी आत शिरेल आणि वाघिणी बाहेर राहतील, कारण त्या इंजिनाच्या मागे आहेत. असे कारखाने परतीला ठेवतात. शेवटी किंवा वाटेत दुहेरी रूळ असतो. तिथे इंजिन सुटून बाजूने दुसऱ्या टोकाला येतं आणि परतताना तोच सांधा सोयीचा होतो.

म्हणून नकाशावर लाइन काढा, प्रत्येक साइडिंग कोणत्या दिशेला फुटते ते बाणाने दाखवा आणि दुहेरी रूळ कुठे आहे ते शोधा. जाताना कुठे थांबेल, येताना कुठे, हे घरबसल्या कळेल. प्रत्येक ठिकाणी सांधा उघडणं, वाघिणीचे हातब्रेक सोडणं-बांधणं आणि हवेच्या नळ्या जोडणं यांत पंधरा-वीस मिनिटं सहज जातात.

गाडी निघणार हे कानाने कळतं. वाघिणी जोडल्यावर ‘ढण्ण’ असा आवाज धक्क्यासारखा मागे पळत जातो. मग बराच वेळ काहीच घडत नाही, फक्त कॉम्प्रेसरची धाप. ब्रेकच्या नळीत हवा भरत असते. तिचा दाब ९० पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला ९० पौंडांपर्यंत न्यायचा, आणि जुन्या रबरी नळ्यांतून गळतही असते. लोक कंटाळून इथेच निघून जातात. थांबा. कर्मचारी गाडीच्या कडेने चालत येऊन पायरीवर चढला, ब्रेक सुटल्याची फुसफुस झाली आणि घंटा वाजू लागली, की दहा-पंधरा सेकंदांत इंजिन भार घेणार. कॅमेरा तेव्हा सुरू हवा.

एक खूण आणखी. रुळावर आणि खडीत पांढऱ्या बारीक वाळूच्या रेघा किंवा ढीग दिसले तर ती जागा लक्षात ठेवा. चिरडलेल्या गवताचा चीक रुळावर साबणासारखा पसरतो, चाकं जागीच फिरतात, चालक चाकांपुढे वाळू सोडतो. वाळू साठली म्हणजे इंजिन दरवेळी तिथे झगडतं. पूर्ण ताकदीचा आवाज ऐकायची जागा तीच.

प्रश्न : वेग कसा मोजायचा, आणि फोटोसाठी शटर किती?

जीपी९ची लांबी सुमारे १७.१ मीटर. दिव्याच्या खांबासमोरून इंजिनाचं पुढचं टोक आणि मागचं टोक जायला किती सेकंद लागले ते मोजा आणि ६१.६ला त्याने भागा. उत्तर ताशी किलोमीटर. चार सेकंद लागले तर सुमारे १५. याहून फार जास्त येणार नाही : अमेरिकेत सर्वांत खालच्या दर्जाच्या रुळावर मालगाडीला ताशी १० मैल, म्हणजे १६ किलोमीटरची मर्यादा आहे.

त्या वेगाला गाडी सेकंदाला ४.४ मीटर सरकते. १/२५० सेकंदात पावणेदोन सेंटिमीटर. तिरक्या कोनातून तेवढं पुरतं. मागची भिंत पुसट करायची तर १/३० किंवा १/१५ ठेवून इंजिनाबरोबर कॅमेरा फिरवा. दुपारी बारा वाजता काढू नका. बॉनेटची सावली चाकांवर पडते आणि बघण्यासारखं सगळं तिथेच असतं. चाकाच्या टोकाशी बेअरिंगचं झाकण आणि त्यावरचे तीन बोल्ट. झाकण चाकाबरोबर फिरत असेल तर आत रोलर बेअरिंग आहे. उंच चौकोनी पेटी असून वर बिजागरीचं झाकण असेल, तर ते तेलात भिजलेल्या गादीवर चालणारं जुनं साधं बेअरिंग. ते दिसलं तर एक फोटो फक्त त्याचा घ्या.

आवाज टिपताना रेकॉर्डरच्या मीटरवर इंजिनाची सरासरी पातळी उणे २० डेसिबलच्या आसपास ठेवा आणि माइकवर केसाळ टोपी चढवा. हॉर्न समोर १०० फुटांवर ९६ ते ११० डेसिबलचा असतो. पातळी इंजिनाच्या मंद आवाजाला लावलीत तर हॉर्नला रेकॉर्डिंग फाटणारच.

प्रश्न : रुळाच्या बाजूवर उठावाची अक्षरं आहेत : ११२, आरई, ओएच, मग १९४१ आणि सात उभ्या रेघा. लाइन १९४१ची का?

रूळ १९४१चा, लाइन नव्हे. ११२ म्हणजे एक यार्ड (तीन फूट) लांबीला ११२ पौंड वजन, मीटरला साधारण ५५.६ किलो. आरई हा रुळाच्या छेदाचा प्रकार, ओएच म्हणजे पोलाद उघड्या भट्टीतलं. सात रेघा म्हणजे सातवा महिना, जुलै. ओएचऐवजी सीसी असेल तर तो रूळ सावकाश, नियंत्रित थंड केलेला; भराभर थंड केल्यास आत हायड्रोजन अडकून केसासारख्या भेगा पडत, त्या टाळण्यासाठी ही पद्धत आली. मुख्य मार्गावरून काढलेले रूळ शाखेवर टाकायची जुनी रीत आहे, त्यामुळे शंभर मीटरवर वेगळं साल सापडेल. शोधायला रुळांत उतरू नका. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात फाटकावरून दुर्बीण लावा. उठावाची सावली पडते आणि अक्षरं वाचता येतात.

प्रश्न : हिवाळ्यात इंजिन रात्रभर सुरूच ठेवतात. डिझेल फुकट का घालवतात?

कारण पाणी. या इंजिनांच्या थंडाव्यात सहसा गोठणरोधक मिसळत नाहीत. ते सिलिंडरच्या सीलमधून वंगणतेलात झिरपलं तर बेअरिंगची वाट लागते. साधं पाणी गोठलं तर ब्लॉक फुटतो. म्हणून इंजिन सुरू ठेवायचं. ते आपोआप बंद पडलं आणि पाणी गोठायच्या बेतात आलं, तर एक झडप उघडते आणि सगळं पाणी जमिनीवर सोडून देते. कडाक्याच्या सकाळी मुक्या इंजिनाखाली बर्फाची चादर दिसली तर हेच घडलं आहे. त्या दिवशी गाडीची वाट बघू नका.

प्रश्न : गाडी एवढी सावकाश असते, तर रुळाजवळ किती जावं?

रुळाच्या दोन्ही बाजूंची जागा कुंपण नसलं तरी रेल्वेच्या मालकीची, आणि तिथे शिरणं गुन्हा. रस्ता, पदपथ, पूल, शेजारचं मोकळं वाहनतळ एवढ्यांवरूनच बघा. वाघीण रुळाबाहेर सुमारे ९० सेंटिमीटर येते. लोंबणारे पट्टे, उघडी दारं आणखी बाहेर.

या लाइनींवरचा खरा धोका इंजिनापासून नाही. उलट्या चालीत वाघिणी पुढे आणि इंजिन मागे असतं. पंधरा वाघिणी म्हणजे अडीचशे मीटरच्या आसपास. एवढ्या अंतरावरचं इंजिन वस्तीच्या गोंगाटात ऐकूही येत नाही आणि पुढची वाघीण जवळजवळ मुकाट येते. एखादा कर्मचारी फाटकात उतरून लाल मशाल पेटवून वाहनं अडवत असेल, तर गाडी नेमकी अशीच येते आहे. त्याने हात केलेल्या बाजूला उभे राहा आणि त्याच्याशी गप्पा मारायला जाऊ नका. त्याचं लक्ष रेडिओवर आणि वाघिणीच्या टोकावर असायला हवं.